"ही मार्टिनच समजा": जुनी सिग्मा घ्यावी की नवी एपिफोन?

प्रश्न थोडक्यात असा: १९८०च्या दशकातली, कोरियात बनलेली एक वापरलेली सिग्मा गिटार मिळते आहे. विकणारा सांगतो, "ही मार्टिनच समजा, फक्त नाव वेगळं." (मार्टिन म्हणजे अमेरिकेतली नावाजलेली गिटार कंपनी.) जवळपास तेवढ्याच पैशांत एपिफोनची नवी गिटारही येते. विचारणाऱ्याला शिकायला लागून वर्ष झालंय, एफ कॉर्ड धरताना बोटं भरून येतात, आणि आता घ्यायचीच तर पुन्हा बदलावी लागू नये अशी इच्छा आहे. यातली कोणती घ्यावी?

माझं काम दुरुस्तीचं. माझ्याकडे गिटार येते ती दुकानातल्या दिव्याखाली चमकणारी नसते. दहा-वीस वर्षं वापरून झाल्यावर "वाजवायला जड जाते हो" म्हणत कुणीतरी आणलेली असते. माझी मतं त्या टेबलावर तयार झालेली आहेत. हेडस्टॉकवरचं, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या असतात त्या टोकावरचं, नाव मी शेवटी वाचतो. आधी नेक (दांडी) टॉपशी (खोक्याच्या समोरच्या फळीशी) कोणत्या कोनात बसली आहे ते बघतो. तो कोन शाबूत असेल तर सिग्मा जरूर घ्या. तो गेला असेल तर फुकट मिळाली तरी दोनदा विचार करा. कारण सांगतो, पण आधी विकणाऱ्याच्या त्या वाक्याचा निकाल लावू.

सिग्मा हे नाव मार्टिननं १९७० साली बाजारात आणलं. पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथमध्ये बनणाऱ्या गिटारींची किंमत ठरावीक मर्यादेखाली येणं शक्य नव्हतं, आणि जपानहून येणाऱ्या स्वस्त गिटारी अमेरिकेतलं खालचं गिऱ्हाईक भराभर उचलत होत्या. मग मार्टिननं स्वतःच्या नमुन्यांवर बेतलेल्या गिटारी जपानमध्ये बनवून घेतल्या आणि वेगळ्या नावानं विकल्या. पुढे काम कोरियात गेलं, त्यानंतर तैवान, इंडोनेशिया, चीन. म्हणजे मालकी मार्टिनची, आराखडा मार्टिनच्या वळणाचा, हात मात्र दुसऱ्यांचे. "मार्टिनच समजा" हे वाक्य खोटं नाही, पण त्यातल्या "समजा" या शब्दाचे पैसे तुमच्याकडून घेतले जातायत.

२००७ मध्ये मार्टिननं सिग्मा सोडलं. नंतर ते नाव एएमआय या जर्मन कंपनीनं घेतलं. आज नवी सिग्मा मिळते ती त्यांची, तिचा मार्टिनशी संबंध नाही. गिटारी वाईट नाहीत, उलट किमतीच्या मानानं चांगल्या आहेत. फक्त "मार्टिनची सिग्मा" या जुन्या पुण्याईवर कुणी नवी विकत असेल तर तुम्ही गालातल्या गालात हसावं.

घोळ घालणारं आणखी एक नाव म्हणजे शेनांडोआ. १९८३ पासून काही वर्षं मार्टिन जपानमधून भाग मागवून नॅझरेथमध्ये जोडत असे आणि त्यावर मार्टिनचंच नाव असे. त्या सिग्मा नव्हेत आणि पूर्ण अमेरिकनही नव्हेत. दोन्ही बाजूंचे विक्रेते आपापल्या सोयीनं त्यांना ओढत असतात.

एपिफोनची गोष्ट याहून निराळी, आणि मला जास्त आवडणारी. ते मुळात कुणाचं दुय्यम अपत्य नव्हतंच. न्यूयॉर्कमधली ती स्वतंत्र कंपनी, १९३०च्या दशकात आर्चटॉप, म्हणजे कमानदार टॉपच्या गिटारींमध्ये गिब्सन या बड्या अमेरिकन कंपनीची तोडीस तोड स्पर्धक. मालक एपी स्टाथोपुलो १९४३ मध्ये गेले आणि घराची घडी विस्कटली. १९५७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं एपिफोन २०,००० डॉलरला घेतली. मग मिशिगनमधल्या कालामझूच्या कारखान्यात गिब्सन आणि एपिफोन एकाच छपराखाली, त्याच कारागिरांच्या हातून बनू लागल्या. कारण व्यापारी होतं. गिब्सननं एका भागात एकाच दुकानदाराला माल द्यायचा करार केलेला असे. शेजारचा दुकानदार हात चोळत बसायचा, त्याला एपिफोन देता येई. पॉल मॅकार्टनी यांनी १९६४ मध्ये घेतलेली एपिफोन टेक्सन ही त्या कालामझूच्या काळातली.

१९७० च्या सुमाराला उत्पादन जपानला हललं आणि इथून गोंधळ सुरू होतो. टेक्सन हे नाव पुढे जपानी एफटी मालिकेतही राहिलं. आतल्या निळ्या लेबलवर कालामझू, मिशिगन असा पत्ता ठळक आणि 'मेड इन जपान' बारीक. साठच्या दशकातली अमेरिकन टेक्सन आणि सत्तरच्या दशकातली जपानी टेक्सन यांच्यात नावापलीकडे फारसं नातं नाही. पुढे कोरिया, इंडोनेशिया आणि चीन. चीनमधल्या चिंगदाओ इथं गिब्सननं २००४ मध्ये एपिफोनसाठी स्वतःचा कारखाना उघडला. त्यामुळे नुसतं "एपिफोन कशी असते?" या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या दशकातली, कुठल्या देशातली आणि कुठल्या मॉडेलची, हे कळल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही.

गिल्ड या आणखी एका अमेरिकन कंपनीनंही सत्तरच्या दशकात मडेरा नावानं आयात गिटारी विकल्या. आताची त्यांची 'वेस्टरली कलेक्शन' चीनमध्ये बनते. वेस्टरली हे ऱ्होड आयलंडमधलं गाव, गिल्डचा जुना कारखाना तिथं होता आणि तो २००१ मध्ये बंद पडला. बंद पडलेल्या कारखान्याचं नाव दुसऱ्या खंडातल्या गिटारीला, याला धंद्याची कल्पकता म्हणायचं. गिटारी मात्र बऱ्याचशा चांगल्या निघतात, हेही सांगायला हवं. नाव सोनूबाई असलं की वाळा कथलाचाच असतो असं काही नाही.

जाता जाता "लॉसूट गिटार" या शब्दाबद्दल. जुनी जपानी गिटार दिसली की विकणारा हा शब्द हमखास टाकतो. खटला झाला होता तो १९७७ मध्ये: गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन विरुद्ध अमेरिकेत आयबानेझ आणणारी एल्गर कंपनी, आणि मुद्दा हेडस्टॉकच्या आकाराचा होता. प्रकरण आपसात मिटलं. त्या एका खटल्याच्या नावावर आज कुठलीही जुनी जपानी गिटार महाग होते. सिग्माला कुणी "लॉसूट" म्हणालाच तर त्याला विचारा, मार्टिननं स्वतःवरच खटला भरला होता का?

इतिहास एवढा पुरे. खरा खेळ लाकडाचा आणि कोनाचा.

स्वस्त आयात गिटारीच्या टॉपवर दोन शब्द असतात: 'सॉलिड' किंवा 'सिलेक्ट'. सॉलिड म्हणजे स्प्रूस लाकडाची अखंड, थर नसलेली फळी; दोन भाग मधोमध जोडलेले. सिलेक्ट म्हणजे बहुतेक वेळा प्लाय, पातळ थर आडवे-उभे चिकटवून केलेला पत्रा. पाठ आणि बाजूंसाठी नुसतं 'रोजवुड' किंवा 'महॉगनी' लिहिलं असेल आणि 'सॉलिड' हा शब्द गाळला असेल, तर तो चुकून गाळलेला नसतो. तपासायचं कसं? साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या कडेला बोट फिरवा आणि टॉर्च मारा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर अखंड. तीन थरांचं सँडविच दिसलं तर प्लाय. कडेला पट्टी लावून झाकलं असेल तर पाठीवरचं एखादं ठळक नक्षीचं वळण धरा आणि आरशानं आतून त्याच जागी बघा. आत वेगळंच लाकूड दिसलं की समजा.

पण प्लाय म्हणजे टाकाऊ हा समज माझ्या टेबलावर टिकत नाही. प्लायचा टॉप आवाजात थोडा कोता असतो आणि वर्षानुवर्षं वाजवून सॉलिडसारखा खुलत नाही, हे खरं. उलट तो सहसा तडकत नाही. हवेतल्या दमटपणाचा त्याच्यावर परिणाम कमी होतो. सॉलिड टॉपला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ती बराच काळ फार खाली गेली तर चीर पडते, फार वर गेली तर टॉप फुगतो आणि तारा वर उचलल्या जातात. घरात गिटार भिंतीवर टांगून उन्हाळे-पावसाळे काढायचे असतील तर प्लाय बिचारं निमूट सोसतं.

आता कोन. लाइट तारांच्या, म्हणजे ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या संचाचा एकत्रित ताण ७० किलोच्या वर असतो. एवढं वजन ब्रिजला, म्हणजे टॉपवर तारा अडकवलेल्या लाकडी ठोकळ्याला, रात्रंदिवस ओढतं. काही वर्षांत ब्रिजच्या मागे टॉपला पोट सुटतं आणि नेक किंचित पुढे झुकते. मग तारा वर उचलल्या जातात. मालक काय करतो? सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा टेकतात ती पट्टी, घासतो. पहिल्यांदा चालतं. आणि इथलं गणित लक्षात ठेवा: बारावा फ्रेट (नेकवरची बारावी धातूची आडवी पट्टी) म्हणजे तारेचा बरोबर मध्य, म्हणून तिथं १ मिलीमीटर खाली यायला सॅडल २ मिलीमीटर घासावं लागतं. सॅडल ब्रिजच्या वर असतंच जेमतेम ३ मिलीमीटर. दोन-तीनदा घासलं की संपलं. त्यानंतर उपाय एकच उरतो, नेक काढून तिचा कोन नव्यानं बसवायचा, म्हणजे नेक रिसेट.

खऱ्या मार्टिनमध्ये हे काम किचकट असलं तरी सरळ आहे. पंधराव्या फ्रेटची पट्टी काढायची, तिच्या खाचेतून बारीक भोक पाडून डव्हटेल सांध्यात, म्हणजे पाचरीसारखं टोक खाचेत अडकवलेल्या जोडात, वाफ सोडायची. सरस विरघळतो, नेक हातात येते. ती पुन्हा निघावी अशाच बेतानं बसवलेली असते. दुय्यम ब्रँडच्या जुन्या गिटारींमध्ये कारखान्याला एवढा पुढचा विचार करायला वेळ नसे.

एक अनुभव सांगतो. गिटार अशाच एका दुय्यम ब्रँडची, नाव नको. विशीतला एक मुलगा घेऊन आला. बाराव्या फ्रेटवर सहावी तार साडेचार मिलीमीटर वर, म्हणजे हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट. सॅडल आधीच कुणीतरी ब्रिजच्या बरोबरीला घासलेलं, ब्रिजही रंध्यानं पातळ केलेला. मी फ्रेट काढला, भोक पाडलं, वाफ सोडली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. नेकच्या बुंध्याजवळचं पॉलिश वाफेनं दुधाळ पांढरं पडलं, पण सांधा तसूभर हलला नाही. शेवटी आरसा आत घालून पाहिलं तर डव्हटेल नव्हतंच. दोन लाकडी खुंट्या आणि इपॉक्सी. तिला वाफेचं काय सोयरसुतक! मग पातळ पात्याच्या करवतीनं बुंध्याशी नेक कापून सोडवली, कोन घासून घेतला आणि दोन बोल्ट घालून पुन्हा बसवली. दोन दिवसांचं काम. मी मजुरी निम्मी लावली, तरी ती गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त झाली. मुलाचे वडील न्यायला आले होते. म्हणाले, "एवढ्यात नवी आली असती ना?" आली असती. मी मान खाली घालून पावती लिहिली.

दुय्यम ब्रँडच्या जुन्या गिटारीतला खरा धोका हा आहे. मार्टिनवर रिसेटचा खर्च केला तर तो गिटारीच्या किमतीत मुरतो. सिग्मावर केलात तर तेवढे पैसे बाजारात परत येत नाहीत. गंमत म्हणजे सत्तरच्या दशकातल्या त्या जपानी एपिफोनची नेक इलेक्ट्रिक गिटारीसारखी मागे धातूची पट्टी लावून स्क्रूंनी बसवलेली असते. जाणकार लोक तेव्हा तिला हसले. पण आज ती टेबलावर आली की मला हायसं वाटतं: चार स्क्रू सोडा, पाचर घाला, कोन बदलला. टेलरच्या मेक्सिकोतल्या टेकाटेमध्ये बनणाऱ्या १०० आणि २०० मालिकेतही नेक बोल्टचीच असते.

तर सिग्मा बघायला जाताना एक पोलादी फूटपट्टी, छोटा टॉर्च, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा आणि एक कोरा कागद घेऊन जा. गिटार आधी सुरात लावा, सैल तारांवर केलेली तपासणी फसवते. पट्टी फ्रेटांवर मधोमध उभ्या कडेनं ठेवून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावरून अलगद गेलं किंवा नुसतं टेकलं तर उत्तम. ब्रिजच्या पुढच्या भिंतीवर आपटलं आणि माथ्यापासून एक-दीड मिलीमीटर खाली असेल, तर तिथंच नमस्कार करून निघा. मग सॅडल किती शिल्लक आहे ते बघा. ३ मिलीमीटर असेल तर तुमच्या हाती अजून बरीच वर्षं आहेत. पट्टी ठीक पण सॅडल संपलेलं, असं दिसलं तर ब्रिजची जाडी बघा, साधारण ८-९ मिलीमीटर हवी. पातळ असेल तर कुणीतरी ब्रिज घासून खरा आजार लपवलाय.

कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली घालून पाहा. शिरला तर ब्रिज उचलला जातोय. ते चिकटवणं फार महाग काम नाही, पण किंमत कमी करून मागायला चांगलं निमित्त आहे. ब्रिजमागे थोडा फुगवटा असणारच, अगदी सपाट टॉप उलट संशयास्पद. आत आरसा घालून ब्रिजखालची पट्टी बघा. तारांच्या टोकांचे पितळी मणी लाकूड कुरतडून वर आले असतील तर तेही दुरुस्त होतं. टॉपखालची कुठली ब्रेस (आधाराची लाकडी पट्टी) सुटली आहे का, हे ब्रिजभोवती बोटाच्या पेरानं हलकेच टकटक करून कळतं. सुटलेली ब्रेस खुळखुळते.

ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची कांडी, फिरतो ना, हेही विचारा. विचारा म्हणजे विकणाऱ्याला फिरवून दाखवायला सांगा, स्वतः जोर लावू नका. आणि एवढं लक्षात असू द्या की ट्रस रॉड नेकचा बाक सुधारतो, कोन नाही. "रॉड फिरवला की ॲक्शन (तारांची उंची) खाली येईल" असं सांगणाऱ्याला या दोन गोष्टींमधला फरक माहीत नसतो, किंवा तो तुम्हाला माहीत नाही असं त्यानं गृहीत धरलेलं असतं.

आता नवी एपिफोन. तिचा कोन सहसा ठीक असतो, पण पट्टी तिथंही लावा. नव्या स्वस्त गिटारीची खरी कटकट नटमध्ये, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीत, असते. कारखान्यात नटच्या खाचा मुद्दाम उथळ ठेवतात. खोल झाली तर तार खणखणते आणि गिटार परत येते, उथळ राहिली तर गिऱ्हाईक स्वतःच्या बोटांना दोष देतो. तुमचा एफ कॉर्ड बहुधा इथंच अडकलाय. आत्ताच्या गिटारीवर बघा: तिसऱ्या फ्रेटमागे तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यात किती फट राहते ते पाहा. एखादा कागद जाईल एवढी पुरे. पोस्टकार्ड जात असेल तर तो नट तुमचा छळ करतोय. खाचा कानशीनं नीट खोल करणं हे तासाभराचं काम. नेकला सातव्या फ्रेटशी ०.२ ते ०.२५ मिलीमीटर बाक, बाराव्या फ्रेटवर सहावी तार २.४ आणि पहिली १.८ मिलीमीटरच्या आसपास. हा सेटअप करून दिला की निम्मे लोक म्हणतात, "अहो, ही माझीच गिटार का?"

एपिफोनमध्ये दोन पायऱ्या ओळखा. डीआर-१०० सारख्या खालच्या गिटारी प्लायच्या. २०२० मध्ये आलेल्या 'इन्स्पायर्ड बाय गिब्सन' मालिकेतल्या हमिंगबर्ड आणि जे-४५ सगळ्या बाजूंनी अखंड लाकडाच्या. किमतीत मोठी दरी आहे, म्हणून "तेवढ्याच पैशांत एपिफोन" म्हणजे तुम्हाला बहुधा खालची पायरी मिळते आहे. लेबल वाचून खात्री करा. आणि शक्य असेल तर आत प्रीअँप (आवाज स्पीकरला जोडायचं यंत्र) बसवलेली घेऊ नका. स्वस्त गिटारीत सगळ्यात आधी मरतं ते हे यंत्र. ते गेलं की बाजूला चौकोनी भगदाड उरतं, आणि त्याच मापाचं दुसरं यंत्र पुढे मिळेलच असं नाही.

तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? पट्टी ब्रिजच्या माथ्यावरून गेली आणि सॅडल शाबूत असलं तर कोरियन सिग्मा, टॉप प्लायचा निघाला तरीसुद्धा. चाळीस वर्षं ताण सोसून जिचा कोन टिकला, ती आता अचानक मोडायची शक्यता कमी. प्लास्टिकचं सॅडल काढून हाडाचं बसवा, नट नीट करून घ्या आणि ०.०११ चा हलका संच लावा, तुमच्या बोटांनाही सोपं आणि तिच्या जुन्या सांध्यालाही. पट्टी ब्रिजच्या भिंतीवर आपटली तर प्लायची नवी एपिफोन घ्या, आणि तिच्या किमतीत सेटअपची मजुरी पहिल्या दिवसापासून धरा. विकणारा पट्टी लावू देत नसेल तर सिग्मा बघायचीही गरज नाही.